अस्सल दांडा

मला गाड्यांतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. पण ज्या बाईचा नवरा जेवणाच्या टेबलावर तोर्तेल्लीच्या ताटाशेजारी कार्बोरेटर उघडून बसतो, तिला न मागता पुष्कळ काही कळतं.

माझा नवरा तुल्लिओ औषधाचं दुकान चालवतो. सगळं गाव त्याला 'दॉत्तोरे' म्हणतं, डॉक्टरनं लिहून दिलेलं औषधसुद्धा त्याला विचारून घेतं. असा शांत, मोजूनमापून बोलणारा माणूस. पण कुठे तरी जुनी रेसची गाडी सापडली एवढं कानावर पडायचा अवकाश, की याच्या अंगात येतं. आणि याच्या अंगात आलं की घुमायला प्रोफेसर गेरार्दो हजरच! गेरार्दो तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. आता निवृत्त आहे आणि त्याला दुसरा धंदा नाही. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं.

गेल्या शरदात सपाटीवरचा एक म्हातारा जनावरांचा डॉक्टर वारला. पुतण्यांनी कोठार रिकामं करायला घेतलं, तर द्राक्षांच्या मांडवाच्या काठ्यांचा ढीग लागला, आणि ढिगामागे ताडपत्रीखाली ही बया. वेर्झेल्ली. युद्धानंतर मोदेनातल्या एका छोट्या कारखान्यानं अशा मोजक्याच गाड्या बनवल्या आणि दिवाळं काढलं. दारावर शर्यतीचा आकडा, रंग विटून विटेसारखा झालेला, सीटवर पाकोळीचं घरटं. गेरार्दोनं तिच्यासमोर टोपी काढली. मी त्याला फक्त मयताला टोपी काढताना पाहिलं होतं.

"हात लावू नका!" तो ओरडला. "धूळसुद्धा पुसायची नाही!"

हा यांचा धर्म. नवा रंग दिलेल्या गाडीला हे लोक 'पावडर लावलेली म्हातारी' म्हणून हसतात. जी सापडली तशी राहिली, ती राणी. सीटवरच्या पक्ष्याच्या शिटेवर गेरार्दोनं ब्रशनं वॉर्निश लावलं, निघून जाऊ नये म्हणून. मी विचारलं, "आणि खाली कोंबडीची घाण आहे, तिचं काय?" तर हा मनुष्य गंभीरपणे म्हणतो, "ती त्याच काळातली आहे का, ते बघावं लागेल."

मी हसले. हसण्याचे दिवस तेवढेच होते.

एके दिवशी मी गॅरेजमध्ये कॉफी घेऊन गेले, तर दोघं खिडकीपाशी उभे राहून काही तरी बघत होते. वीतभर लांबीचा लोखंडी दांडा. आपण स्टिअरिंग फिरवतो, त्या जोरानं चाकं वळवतो तो हा दांडा. वेर्झेल्लीच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागावर गाडीचा नंबर हातानं ठोकलेला असायचा. यावरही होता, एक आकडा तिरपा. आणि त्या आकड्याच्या बाजूनं केसासारखी बारीक रेघ गेली होती. मी सहज तिच्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

"हे काय आहे?"

"भट्टीतली खूण आहे, अजून काय," गेरार्दो म्हणाला. नाकानं कांदे सोलायची सवय जन्माची.

तुल्लिओनं दांडा उलटा करून ती रेघ खाली केली. नवऱ्याचे हात मला वाचता येतात. "तुल्लिओ, हा तुटला तर?"

"तर चाकं वळत नाहीत," तो म्हणाला, गोळी जेवणानंतर घ्यायची म्हणून सांगतो त्याच आवाजात.

माझं हसणं संपलं ते तेव्हा. कारण मे महिन्यात क्रोचेच्या घाटात जुन्या गाड्यांची चढाईची शर्यत असते. मोंतेरासो गावातून सुटायचं आणि खिंडीपर्यंत जायचं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. आणि आमची नीवेस, आमची एकुलती एक, बोलोन्याहून सुट्टीला येऊन बापाच्या शेजारी बसणार होती. पोरगी चालायला शिकली ती गॅरेजमध्ये. रडली तर बाप तिला इंजिन सुरू करून दाखवायचा, मी अंगाई गाऊन काही उपयोग नव्हता.

मी ताटं आपटली. "नवा दांडा बसवा. नाही तर माझी मुलगी त्या पेटाऱ्यात बसणार नाही!"

"मम्मा, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" शनिवार-रविवारसाठी घरी आलेली नीवेस म्हणाली.

"बाळ असतीस तर बरं होतं. पाळण्यात बांधून ठेवली असती."

गेरार्दोनं कपाळाला हात लावला. "अगं ओर्नेल्ला, 'अस्पर्शित' वर्गात उतरवतोय आपण तिला. परीक्षक पाठीवर झोपून, आरसे लावून खालून बघतात. एक दांडा बदलला की ती वेर्झेल्ली राहत नाही, भंगारातले सुटे भाग राहतात."

"आणि दांडा तुटला की माझ्या घरातली माणसं काय राहतात?"

शेवटी तुल्लिओनं तोड काढली. परीक्षकांपुढे शनिवारी गाडी अस्सल दांड्यानिशी उभी करायची, तिथे लबाडी नाही. परीक्षा झाली की तो काढायचा आणि रविवारच्या चढाईला नवा, मजबूत दांडा. परीक्षेनंतर भाग बदलायलाही नियमानं बंदी होती. पण रविवारी वाकून बघणारे हौशे-गवशे हजार, म्हणून नवा दांडा जुन्यासारखा दिसला पाहिजे. गेरार्दो म्हणाला, "ते माझ्यावर सोडा."

सोडलं, आणि तिथेच सगळं फसलं. त्यानं उत्तम पोलादाचा दांडा घडवून घेतला, हे खरं. मग त्याला व्हिनेगर आणि मीठ चोळलं, हिवाळाभर बहिणीच्या शेणखताच्या ढिगात पुरून ठेवला, जुनं काळं ग्रीस फासलं, नंबर ठोकला, तिरपा आकडा तिरपाच ठोकला. आणि सुईनं त्यावर ती केसाएवढी रेघही कोरली.

"रेघ कशाला कोरलीस, मेल्या?" मी ओरडले.

"रेघ नसलेला दांडा कुणीही ओळखेल!"

माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं दोन्ही ठेवले, पाठीमागे हात नेऊन अदलाबदल केली आणि म्हणाला, "ओळखा." मला ओळखता येईना. तुल्लिओनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. नीवेसनं बोट ठेवलं ते चुकीच्यावर. मी दोन्हींवर नख फिरवलं. दोन्हींवर अडकलं. गेरार्दो असा फुलला होता, की जणू आत्ताच बाप झालाय.

मला मात्र घाम फुटला. म्हटलं, "एकाला तांबडा दोरा बांधा रे बाबांनो." दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चर्चमधल्या मादोन्नाला मिशा रंगवायला सांगितलं. दोरा! आणि कुणाला दिसला तर? नवा दांडा हिरव्या फडक्यात गुंडाळायचा, बस, असं ठरलं. हिरवं फडकं म्हणजे नवा. यात चुकण्यासारखं काय आहे?

शनिवारी मोंतेरासोच्या चौकात परीक्षक आमच्या गाडीखाली झोपले आणि उठायचं नावच घेईनात. एक जण तर बाहेर येऊन नुसता "वा, वा" करत राहिला. 'अस्पर्शित'चा बिल्ला मिळाला. गेरार्दो रडला. रात्रीच्या जेवणाच्या तयारीला सगळे चर्चच्या सभागृहात जमले, लाम्ब्रुस्को वाइनच्या बाटल्या उघडल्या. मध्येच गेरार्दो कुठे तरी गेला आणि हात धुऊन आला. मला वाटलं, म्हातारा झालाय, जात असेल सारखा.

रविवारी सकाळी तुल्लिओ तंबूत गाडीखाली शिरला. बॅटरी मीच धरली होती. माझ्या डोळ्यांनी मला बघायचं होतं.

"हिरवं फडकं दे," खालून हात आला.

मी हत्यारांच्या पेटीतून हिरवं फडकं काढून दिलं. त्यानं गाडीतला दांडा काढला, फडक्यातला बसवला, नट आवळला, पिन घातली, ती वाकवली. काढलेला दांडा त्याच फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला, मी तो पिशवीत टाकला. "झालं समाधान? आता तरी हस." मी हसले. गळ्यातलं मादोन्नाचं पदक ओठांना लावलं. नीवेसच्या हेल्मेटचा पट्टा मीच बांधला, तिला टोचेल इतका घट्ट.

"मम्मा, श्वास तरी घेऊ दे!"

दोघं गेले. वेर्झेल्लीचा आवाज खडकावर आपटत वर वर गेला आणि पहिल्या वळणामागे बारीक झाला. मी पिशवी पोटाशी धरून कठड्यापाशी उभी होते. गेरार्दो शेजारी आला, मोर्तादेल्ला भरलेला पाव चावत.

"चेहरा बघ केवढा झालाय," तो म्हणाला. "अगं, घाबरतेस कशाला? नव्या दांड्यावर हत्ती उभा केलास तरी मोडणार नाही. काल जेवणाआधी मी स्वतः जाऊन बदललाय."

मला आधी समजलंच नाही. "काय बदललायस?"

"दांडा! तुल्लिओ दमला होता, म्हटलं, आपणच उरकून टाकावं."

"आणि जुना? काढलेला जुना कुठे ठेवलास?"

"कुठे म्हणजे? तिथेच. फडक्यात गुंडाळून पेटीत."

"हिरव्या फडक्यात?"

त्याचं चावणं थांबलं.

"आज सकाळी त्यानं पुन्हा बदलला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटत होता. "हिरव्या फडक्यातला काढून बसवला. मी बॅटरी धरली होती, गेरार्दो. मीच दिला त्याच्या हातात."

मी पिशवीतून फडकं काढलं आणि सोडलं. त्यात दांडा होता. गंजलेला, काळा, तिरप्या आकड्याचा, केसाएवढ्या रेघेचा. गेरार्दोनं भिंग काढलं. उजेडाकडे धरला, वास घेतला, जिभेला लावला. दहा पावलांवरून नक्कल ओळखतो म्हणून छाती फुगवणारा हा माणूस!

"मला... मला सांगता येत नाही."

"मग थांबव गाडी! सांग त्यांना!"

"थांब, थांब. तुल्लिओच्या लक्षात आलं असेल. किंवा कालच माझी गडबड झाली असेल. कदाचित पेटीत..." तो कदाचित-कदाचित करत राहिला. "अगं, चढाई मध्येच थांबवायची म्हणजे कारण द्यावं लागेल. बिल्ला जाईल, क्लबातून काढतील, तुल्लिओचं नाव पेपरात येईल. नक्की कळल्याशिवाय कसं..."

त्या क्षणी मला त्याची भीती वाटली. माझी मुलगी वर हवेच्या कडेनं जात होती आणि हा चांगला माणूस, तिच्या नामकरणाला आलेला माणूस, तराजू घेऊन बसला होता.

शेजारच्या तंबूत कुणी तरी पाचर ठोकायला हातोडा ठेवला होता. मी तो उचलला. दांडा कठड्याच्या दगडावर आडवा टाकला, एक टोक बाहेर काढून.

"ओर्नेल्ला! काय करतेस!" त्यानं माझा दंड धरला. "अगं, तो अस्सल असला तर? मोडेल!"

"मोडू दे! मोडला तर तुझ्या घरी पाया पडायला येईन! मोडला तर तो गाडीत नाही!"

मी त्याला ढकललं आणि घाव घातला. आयुष्यात एखादी वस्तू मोडावी म्हणून मी इतकी विनवणी केली नव्हती. मोड. मोड ना रे. पुन्हा घातला. दगडाचा टवका उडाला. सगळ्या ताकदीनिशी पुन्हा घातला, मनगटातून कळ गेली, हातोडा उसळून माझ्या गुडघ्यावर आला. दांडा तसाच. गंज झडून खाली पांढरं, कोरं पोलाद दिसायला लागलं. सुईची रेघ पुसून गेली होती.

म्हणजे हा नवा, आणि खरा वर, गाडीत. मी गेरार्दोची वाट बघितली नाही. सुटण्याच्या रेषेकडे पळाले आणि झेंडेवाल्या आदेल्मोच्या अंगावरच आदळले.

"लाल झेंडा! वरच्यांना सांग, वेर्झेल्लीला थांबवा! तिचा स्टिअरिंगचा दांडा तडकलेला आहे!"

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतेय! आमच्याकडे दोन होते, खरा आणि खोटा, आणि या दोन शहाण्यांनी खराच गाडीत घातला! पुढचं मग विचार, आधी थांबव!"

आदेल्मोच्या डोक्यात किती शिरलं देव जाणे, पण माझं तोंड बघून त्यानं वायरलेस ओठांना लावला. चॅपेलच्या वळणावरचा माणूस म्हणाला, मघाशीच गेली. मग खाणीच्या वळणावरच्याला हाक मारली. खरखर. पुन्हा हाक. नुसती खरखर. खाणीच्या पुढे कठडाच नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. मला इंजिनाचा आवाज ऐकू येतोय का म्हणून मी कान देऊन उभी होते, वरून तो बारीक येत होता, आणि बंद पडला. नुसता बंद. थांबली म्हणून बंद पडला की खाली गेली म्हणून, हे त्या शांततेत कसं कळणार? एका बाईनं मला पाणी दिलं. मी तो पेला हातात धरून ठेवला आणि प्यायचं कसं तेच आठवेना.

मग वायरलेस बोलला. "थांबवली. खाणीपाशी उभी आहे. दॉत्तोरे शिव्या देतायत."

मी पेला एका घोटात रिकामा केला. तुल्लिओ शिव्या देत होता! आदेल्मोनं मला दंडाला धरून आपल्या गाडीत कोंबलं. गेरार्दो मागे येऊन बसला, ठोकलेला दांडा मांडीवर घेऊन. वाटेत मला दर वळणावर दरी दिसत होती आणि दर वळणाला मी मनात म्हणत होते, इथे नाही, इथेही नाही.

तुल्लिओ हेल्मेट काढून लालबुंद होऊन बसला होता. नीवेस उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती. तिच्या टाचांमागे दरी होती.

"इकडे ये! आधी इकडे ये!" मी ओरडले.

"काय तमाशा मांडलायस, ओर्नेल्ला!" तुल्लिओ म्हणाला. "सगळ्या घाटाची शर्यत अडवलीस! अगं, लोण्यासारखी चालली होती गाडी."

"प्रोफेसरनं कालच बदलला होता. तू आज पुन्हा बदललास. जुना आहे आत."

त्यानं गेरार्दोकडे पाहिलं. गेरार्दोनं मान खाली घातली. तुल्लिओचा चेहरा उतरला, पण माणूस हट्टी. "असेल," तो म्हणाला. "पण आता मागच्या गाड्यांना वाट तर द्यायला हवी. बाजूला घेतो हळूच." आणि त्यानं उभ्या गाडीतच स्टिअरिंग वळवायला जोर लावला.

टक्.

एवढाच आवाज. सुकी फांदी मोडल्यासारखा. स्टिअरिंग त्याच्या हातात गरकन फिरलं. त्यानं ते डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. चाकं जिथल्या तिथे, दरीकडे तोंड करून. तो फिरवतच राहिला, डावीकडे, उजवीकडे, आणि त्याचे ओठ पांढरे झाले. मग हात मांडीवर पडले. "नीवेस," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून हुंदका निघाला. इतक्या वर्षांत मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

मी नीवेसला धरायला वळले, तर ती नव्हती. मी आधी दरीकडेच पाहिलं. मग गाडीखालून तिचे बूट दिसले. ती पाठीवर झोपून आत सरकली होती, आणि बाहेर आली ती गालभर ग्रीस माखून, डोळे चमकत, हातात दांड्याचा तुटका अर्धा भाग घेऊन.

"मम्मा, पप्पा, बघा! नंबर शाबूत आहे! नंबराच्या बाहेरून तुटलाय!"

तिचा आनंद पाहून माझा हात उठला. मी तिच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. आवाज घाटात घुमला, आणि ती बघतच राहिली. मग त्याच हातानं मी तिला ओढून छातीशी धरलं, इतकं घट्ट, की तिच्या पाठीचा मणका न् मणका मला लागत होता. ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी नाक ओढत. "सोड ते, नीवेस," मी म्हणाले. "टाकून दे दरीत." ती मान हलवत होती, हो म्हणत होती, मला बिलगत होती. पण मूठ काही तिनं उघडली नाही, आणि तो तुकडा माझ्या बरगडीत रुतत राहिला.